वडीचा कागद

कुशाबाईच्या वडीला केंदुरात कुणी नाव ठेवल्याचं ऐकिवात नाही. तसं आमचं गाव नावं ठेवण्यात कुणाला मागं सरायचं नाही. देवाच्या पालखीतसुद्धा खोट काढतील. पण वडी समोर आली की सगळे गप्प, कारण तोंड रिकामं नसायचं.

ही वडी काही दुकानातली नव्हे. कुशाबाईचे आईबाप मेंढरं घेऊन फिरणारे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आणि कोकणाची वाट धरायची. वाटेत चूल रोज पेटेलच याचा भरवसा नसायचा, म्हणून बायका निघण्याआधी वडी करून ठेवायच्या. भाजलेले शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, बिया काढून कुटलेली खारीक आणि हे सगळं बांधायला गुळाचा पाक. दोन वड्या आणि तांब्याभर पाणी पोटात गेलं की गडी दुपारपर्यंत मेंढरांमागं चालायचा. दोन महिने ती वडी खवट व्हायची नाही. पुढं पाट आला, मेंढरं गेली, माणसं शेतं कसून एका जागी बसली. वडी तेवढी राहिली.

सोजरबाई म्हणजे गावातल्या अंगणवाडीच्या बाई. राहायला विहाराशेजारी, बोलायला स्पष्ट, आणि कामाला अशा की सरकारला लाज वाटावी. त्यांनी बायकांचा बचत गट बांधला, तेव्हा गटानं करायचं काय यावर दोन महिने नुसतं तोंडाचं दळण चाललं होतं. कुणी म्हणे पापड, कुणी म्हणे मेणबत्त्या. एक दिवस कुशाबाईनं परातभर वडी आणून सगळ्यांच्या मधे ठेवली आणि बोलणंच मिटलं. सोजरबाईंनी त्यात सासवडकडचं सुकं अंजीर आणि मनुका घालायला लावल्या. कुशाबाईनं आधी नाक मुरडलं, मग चाखून बघितलं, मग कुणाशी काही न बोलता अंजीर वाढवलं.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. तालुक्याच्या मोठ्या बाई गावात आल्या, वडी खाऊन गेल्या आणि जाताना चार वड्या पुण्याला तपासायला घेऊन गेल्या. महिन्याभरानं तिकडून कागद आला. सोजरबाई तो वाचून दाखवायला बसल्या. समाजमंदिरात वीसेक बायका, कोपऱ्यात चुलीवर पाक.

"शंभर ग्रॅम वडीत ऊर्जा चारशे साठ किलोकॅलरी," सोजरबाईंनी वाचलं.

"म्हंजी किती भाकरी?" गिताबाईनं विचारलं. ही कुशाबाईची शेजारीण, हिला प्रत्येक गोष्ट भाकरीत लागते.

"दोन धरा. आन् प्रथिनं बारा ग्रॅम, म्हंजी दोन अंडी. लोह साडेपाच मिलिग्रॅम."

"लोखंड? आपल्या वडीत?"

"रक्ताला लागतं ते, गिताबाई. अंगात रक्त भरतं त्यानं."

बायका हसल्या, पण कुशाबाई हसली नाही. तिचा ऊर भरून आला होता. जन्मात शाळेची पायरी न चढलेली बाई ती. आपल्या आईनं उखळात कुटलेली वस्तू पुण्याच्या साहेबांनी मोजली आणि पास केली, याचं तिला कोण कौतुक. तेवढ्यात पाकाचा करपट वास आला आणि ती लगबगीनं चुलीकडं गेली. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तिनं गोळी बघितली. इकडं सोजरबाईंनी शेवटची ओळ वाचली: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी विशेष उपयुक्त. कुशाबाईला ती ऐकू गेली नाही. ज्यांना ऐकू गेली त्यांनीही ती सरकारी भाषा म्हणून सोडून दिली, कारण पोटुशा बाईनं खारीक-तीळ-गूळ खायचा नसतो हे त्यांना कुणी कागदावर लिहून देण्याची गरज नव्हती. ते त्यांना जन्मापासून ठाऊक होतं.

मग शिरूरच्या छापखान्यातून चिठ्ठ्या छापून आल्या. वर मेंढरामागं चाललेल्या बाईचं चित्र, खाली 'वाटेची वडी', त्याखाली ते सगळे आकडे आणि शेवटी ती ओळ. दहा अंगणवाड्यांतल्या गरोदर बायकांना वडी वाटायचं काम तालुक्यानं गटाला दिलं. बायका ती बाळंतपणानंतरसाठी साठवून ठेवणार, असं कुशाबाईनं धरलंच होतं. पिशवीत वडी घालायची, वर चिठ्ठी सारायची आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवरनं फिरवून चिकटवायचं. हे काम नाजूक हाताचं, म्हणून ते कुशाबाईच्या सुनेकडं, रुपालीकडं आलं.

रुपाली सून नंतरची, आधी भाची. कुशाबाईच्या पाठच्या भावाची, बाळासोची एकुलती लेक. बाळासो तिला देताना एवढंच म्हणाला होता, "आक्के, माझं काळीज तुझ्या घरात ठिवतोय." कुशाबाईनं ते शब्द उराशी बांधून ठेवले होते. आता सासू म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं लगेच डागण्या देणारी बाई उभी राहते. कुशाबाई तशी नव्हती. तशी असती तर सांगायला सोपं गेलं असतं, तिला दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तिनं रुपालीला कधी एका शब्दानं दुखवलं नाही. सुरज, तिचा मुलगा, दौंडला रेल्वेत गँगमन होता. क्वार्टर मिळेपर्यंत चौघा गँगमनांत एक खोली, म्हणून रुपाली केंदुरातच. थंडीत सासू-सून एका वाकळेत झोपायच्या.

रुपालीला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी कुशाबाईनं खंडोबाला नारळ फोडला. आणि त्याच दिवसापासून रुपालीची वडी बंद केली.

"आता हिकडं हात लावायचा तो कामापुरता," तिनं सांगितलं. "वडी उष्ण. आन् पाचव्यापास्नं भाकरी बी बेतानं. पोर पोटात लई वाढलं तर अडतं."

रुपालीनं मान हलवली. तिला पुतळाबाईची गोष्ट माहीत होती. त्या घरात ती सगळ्यांनाच माहीत होती.

पुतळा ही कुशाबाईची थोरली बहीण. मेंढरं घाटाखाली उतरली होती आणि पुतळाचे दिवस भरत आले होते. आई कुणाला न दिसता वड्या द्यायची आणि ती बहिणीच्या हातात नेऊन ठेवायचं काम दहा वर्षांच्या कुशीचं. पुतळाला वडी फार आवडायची. ती अर्धी स्वतः खायची आणि अर्धी कुशीच्या तोंडात कोंबायची. मग कळा सुरू झाल्या. तीन दिवस झाले तरी सुटका होईना. चौथ्या दिवशी पुतळाही गेली आणि पोरही पोटातच गेलं. तळावरच्या बायका म्हणाल्या, खाऊन खाऊन पोर मोठं केलं, मग अडंल न्हाई तर काय हुईल. कुशीनं ते ऐकलं. वडी नेऊन देणारा हात आपला होता, हे ती चाळीस वर्षं विसरली नाही.

म्हणून ती वडी बंद. जाच म्हणून नाही, भीतीपोटी.

पण बाळंतपण झालं की वडी चालते. नुसती चालत नाही, लागतेच. म्हणून कुशाबाईनं एक पत्र्याचा डबा काढला, घासून उन्हात वाळवला आणि त्यात रुपालीच्या वाटणीची वडी साठवायला सुरुवात केली. सहावा निम्मा झाल्यावर रुपालीचं नाव यादीत लागलं आणि अंगणवाडीतून सोजरबाई दर आठवड्याला तिची पाकिटं द्यायच्या, रोजची दोन. पाकीट कुशाबाईच्याच चुलीवरच्या वडीचं, चिठ्ठी रुपालीच्याच हातानं घातलेली. ती गावभर फिरून पुन्हा घरी यायची आणि डब्यात जायची. रुपाली स्वतःच ती आणून आत्याच्या हातात द्यायची.

"खाशील गं बाळंत झाल्यावर," कुशाबाई डब्याचं झाकण लावताना म्हणायची. "चाळीस दिस तुला उठू देनार न्हाई. मांडीवर लेकरू आन् हातात वडी."

सातव्या महिन्यात सोजरबाई वजनकाटा घेऊन घरीच आल्या. रुपाली काट्यावर उभी राहिली. लग्नात होती त्याच्यापेक्षा जेमतेम किलोभर जास्त. सोजरबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली.

"वडी खातीस का गं?"

"खाते की," रुपाली म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

सोजरबाई काही आजच्या नव्हत्या. त्यांनी रुपालीला पाणी आणायला आत पाठवलं आणि कुशाबाईकडं वळल्या. "कुशाबाई, खरं सांगा. पोरगी पांढरी पडलीय. तिच्या पोटात काय बी जात न्हाई."

"माझ्या भावाची लेक हाय ती. मी तिला उपाशी मारीन व्हय?"

"मारत न्हाई तुम्ही. भिता तुम्ही. मला ठाव हाय. आमच्या वाड्यात बी बायका ह्येच करतात. म्या बी माझ्या सम्राटच्या वक्ताला अर्ध्या भाकरीवर दिस काढलेत. नोकरीला लागल्यावर शिकवलं तवा अक्कल आली."

"तुमची अक्कल तुमच्यापाशी. माझी बहीण ह्या हातांनी गेलीय."

सोजरबाईंनी काटा बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पुतळाबाईचं वय काय व्हतं तवा?"

"आसंल चौदा-पंधरा."

"चौदा वर्साच्या पोरीची कंबर कुठं भरलेली असती, कुशाबाई? वाटच न्हाई तर पोर यील कुठून? तिला वडीनं न्हाई मारलं. लवकर झालेल्या लग्नानं मारलं."

हे ऐकून कुशाबाई जी तडकली ती तडकलीच. आपली आई वाईट, आपला बाप वाईट, असंच कुणीतरी दारात येऊन सांगावं तसं तिला झालं. "या तुम्ही," ती म्हणाली आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. सोजरबाईंनी काटा उचलला. जाताना त्या दारातूनच रुपालीला म्हणाल्या, "पोरी, तुझं तू तरी बघ." चार दिवस कुशाबाई आणि सोजरबाई एकमेकींशी बोलल्या नाहीत. डबा मात्र भरत राहिला.

खरं सांगायचं तर सोजरबाईंचं बोलणं कुशाबाईच्या मनात कुठंतरी रुतलं होतं. एकदा रुपाली मेणबत्तीपुढं बसून पाकिटं चिकटवत होती आणि दर दोन पाकिटांमागं भिंतीला टेकून डोळे मिटताना कुशाबाईला दिसली. तिनं डब्याचं झाकण उघडलं, एक वडी हातात घेतली. मग तिला घाटाखालचा तो तळ दिसला, पुतळाचा आवाज ऐकू आला आणि तिनं वडी परत ठेवली. आता दोन महिनेच राहिलेत, तिनं स्वतःला समजावलं.

आठवा लागला आणि सुरजला क्वार्टर मिळालं. तो न्यायला आला. रेल्वेचा दवाखाना जवळ, डॉक्टर जवळ, बाळंतपण दौंडलाच करू असं ठरलं. बाळासोनंही हो म्हटलं. कुशाबाई सोबत निघाली आणि बाकी सामान सुरजच्या डोक्यावर देऊन डबा तेवढा तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला. तळेगावला गाडी बदलली, न्हावऱ्याला बदलली, चौफुल्याला बदलली. रस्ता कसला, नुसता खड्ड्यांचा बाजार. चौफुल्याच्या पुढं रुपालीचं डोकं कुशाबाईच्या खांद्यावर कलंडलं. झोप लागली असेल असं तिला वाटलं. दौंडच्या स्टँडवर उतरताना रुपाली पायरीवरच खाली बसली आणि तिथून उठेना. तिचे ओठ निळसर झाले होते.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं बऱ्याच होत्या, त्यांनी आरडाओरडा केला नाही. रक्त तपासलं ते सहा भरलं. "बारा लागतं," त्या सुरजला म्हणाल्या. "निम्म्या रक्तावर ही पोरगी दोन जीव ओढत होती." संध्याकाळपर्यंत कळा सुरू झाल्या, दीड-दोन महिने आधीच. सुरजनं रक्त दिलं, त्याच्या गँगमधल्या दोघांनी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली मोकळी झाली. मुलगी झाली होती. सव्वा किलोची.

बाळंतपण अगदी सहज झालं. अडलं काही नाही. कुशाबाईनं मनात म्हटलं, बघा, अर्ध्या पोटानं सुटका सोपी होते की नाही. असं तिला खरोखर वाटलं, आणि पुढं जन्मभर तिला त्या क्षणाची लाज वाटत राहिली.

पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दुपारी कुशाबाई पेटीशी उभी राहून बघत होती. मांडी बोटाएवढी, आणि रडणं असं की शेजारच्या खाटेवर ऐकू जाऊ नये. पेटीशी असलेली सिस्टर सकाळपासून जाग्यावरून हलली नव्हती. कुशाबाईला तिची कणव आली. तिनं डबा उघडला आणि एक पाकीट पुढं केलं.

"खावा बाई. सकाळपास्नं तुमच्या पोटात काय न्हाई. आमच्या घरचीच वडी हाय. पुण्याला पास झाल्याली."

सिस्टरनं हसून पाकीट घेतलं, फाडलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि सवयीनं चिठ्ठी वाचू लागली. वाचता वाचता तिचं चावणं थांबलं.

"मावशी, ही तुम्ही बनवता?"

"व्हय. गटात. पर चव माझ्या हाताची."

"यावर काय लिहिलंय माहितीय तुम्हाला?"

"माझं कुठलं वाचनं, बाई. ऊर्जा हाय, लोखंड हाय, असं कायतरी हाय."

सिस्टरनं एकेक शब्द सुटा करून वाचलं. "गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी विशेष उपयुक्त." मग तिनं उघड्या डब्याकडं बघितलं. डबा काठोकाठ भरलेला. तिला कळायचं ते कळलं असावं. "हा कुणाचा डबा, मावशी?"

"सुनंचा," कुशाबाई म्हणाली. "बाळंत झाल्यावर खायला ठिवला व्हता."

सिस्टरनं उरलेला तुकडा कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि पेटीतल्या पोरीचं पांघरूण नीट केलं.

कुशाबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या डोळ्यापुढं ही पोरगी नव्हती, दुसरीच होती. तिचीच, सुरजच्या आधीची. तिचं कुणाला आता नावही माहीत नव्हतं, कारण नाव ठेवायला ती राहिलीच नाही. तीही अशीच, उंदराएवढी. नवव्या दिवशी गेली. तेव्हा कुशाबाई सतरा वर्षांची, पुतळाच्या भीतीनं चार महिने चतकोर भाकरीवर राहिलेली. कुणाची तरी नजर लागली असं म्हणाले आणि तिनंही तेच धरून ठेवलं. आता तिला कळलं नजर कुणाची लागली होती ते.

संध्याकाळी ती रुपालीच्या खाटेशी गेली. रुपालीच्या हाताला सलाईन होतं, डोळे उघडे होते.

"तुला वाचता येतं," कुशाबाई म्हणाली.

रुपालीनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"दहावी शिकलीयस तू. रोज त्याच चिठ्ठ्या तुझ्या हातात. तुला ठाव व्हतं ना त्यावर काय लिवलंय ते?"

"व्हतं."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

रुपालीनं तोंड तिच्याकडं वळवलं. "एकदा मी पाकीट फोडलं व्हतं, आत्या. तुम्ही रानात गेला व्हता. तोंडापर्यंत नेली वडी. मग मला पुतळाआत्या आठवली. वाटलं, कागद लिहिणाऱ्यानं काय आपल्या घरातलं मढं बघितलंय? आन् तुम्ही बघितलंय. कागदात एक, तुमच्या तोंडात एक. मी तुमचं ऐकलं."

रुपालीनं मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर कुशाबाईला बरं वाटलं असतं. पोरीनं विश्वास ठेवला होता. कागदापेक्षा, सरकारपेक्षा, सोजरबाईंपेक्षा तिनं आत्यावर जास्त विश्वास ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेटीतली पोरगी गेली. सुरज आणि त्याच्या गँगमधले दोघं जण तिला भीमेच्या कडेला घेऊन गेले आणि मातीआड करून आले. सुरज परत आला तो दवाखान्याच्या नळावर बराच वेळ हात धुत राहिला. त्याला वडीचं काही माहीत नव्हतं. ते कुशाबाईनंच त्याला सांगितलं, नळाशी उभं राहून, एकही शब्द न गाळता. त्यानं ऐकून घेतलं आणि तो तिच्याकडं न बघता रुपालीकडं गेला.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता हिला खाऊ घाला. रक्त भरलं नाही तर ही पण हातची जाईल."

कुशाबाईनं डबा उचलून खाटेवर ठेवला. सहा-सात आठवडे आठवणीनं साठवलेला. तिनं झाकण उघडलं, आतलं सगळ्यात चांगलं, अंजीर जास्त असलेलं पाकीट काढलं, फोडलं आणि तुकडा मोडून रुपालीच्या ओठांशी नेला. "खा बाय. आता चालतंय."

रुपालीनं आधी तुकड्याकडं बघितलं, मग आत्याकडं.

"आता कुणासाठी, आत्या?"

आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं. तिची साडी छातीशी ओली झाली होती. दूध आलं होतं.

कुशाबाई तो तुकडा हातात धरून किती वेळ बसली होती, तिचं तिलाच माहीत नाही. हातातला गूळ वितळून बोटांना चिकटला. शेवटी तिनं "तुझ्यासाठी" असं म्हटलं, पण ते इतकं हळू की रुपालीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

रुपाली जगली. सुरज रोज अंडी उकडून आणायचा, शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका भाजी-भाकरी द्यायच्या, ती सगळं मुकाट्यानं खायची. वडीला मात्र तिनं हात लावला नाही. आठवड्यानं कुशाबाई गावाकडं निघाली तेव्हा रुपाली दारापर्यंत आली. पाया पडली. मग म्हणाली, "त्यो डबा घिऊन जा, आत्या. गावात लई जणी हायेत."

"तू न्हाई खायाची?"

"मी दुसरं कायबी खाईन. ती न्हाई."

कुशाबाई मंगळवारी केंदुरात उतरली. मंगळवार हा अंगणवाडीत वजनं करायचा दिवस. ती घरी गेलीच नाही. डबा डोक्यावर घेऊन सरळ अंगणवाडीत गेली. बायका भिंतीला लागून बसल्या होत्या, पोटुशा पाच-सहा, त्यांच्या बाजूला कुणाची सासू, कुणाची आई. सोजरबाई काट्याशी होत्या. कुशाबाईला बघून त्या उठल्या. बातमी गावात आधीच आली होती. सोजरबाईंनी तिच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला. तुम्हाला सांगितलं नव्हतं का, असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत आणि नंतरही कधी म्हणाल्या नाहीत.

"हे माझ्या सुनंचं हाय," कुशाबाई सगळ्यांना म्हणाली. तिचा आवाज रोजचाच होता, रडका नव्हता. "तिच्या पोटात जायाचं व्हतं. म्या डब्यात ठिवलं. पोर अडंल म्हून. पोर अडलं न्हाई, सव्वा किलोचं झालं आन् गेलं. माझं पयलं बी असंच गेलं व्हतं. त्ये बी म्याच उपाशी मारलं. पुतळाला वडीनं मारलं न्हाई, सोजरबाई सांगत व्हत्या, म्या ऐकलं न्हाई. आता तुम्ही ऐका."

गिताबाई पदर तोंडाला लावून बसली होती.

कुशाबाईनं एकेक पाकीट काढलं आणि पोटुशा पोरींच्या हातात दिलं. एकीनं ते मुकाट्यानं पिशवीत सारलं. कुशाबाईनं पिशवीत हात घालून ते परत काढलं, स्वतः फोडलं आणि तिच्या तळहातावर वडी ठेवली.

"इथंच खा. घरी न्ह्यायची न्हाई. घरी माझ्यावाणी सासू आसंल."

बाकीच्या खाऊ लागल्या. एक मात्र थांबली. साळूबाईची सून, भाग्यश्री, सहावा महिना, मनगटं काटकीसारखी. ती वडी हातात धरून शेजारी बसलेल्या सासूकडं बघत होती. साळूबाईनं मान वळवली नाही, पण कपाळाला आठी पडली होती. कुशाबाईला ती आठी ओळखीची होती. ती पुढं झाली आणि दोघींच्या मधे, साळूबाईकडं पाठ करून, जमिनीवर बसली.

"तिच्याकडं नगं बघू," ती म्हणाली. "माझ्याकडं बघ आन् चाव."

पोरीनं पहिला घास घेतला. दाणा दाताखाली मोडल्याचा आवाज आला. मागं साळूबाई काहीतरी पुटपुटली, कुशाबाईनं वळून बघितलं नाही. वडी संपली, बोटांना लागलेला गूळही पोरीनं चाटून घेतला, तेव्हा कुशाबाईनं डब्यातलं दुसरं पाकीट फोडलं.